शिरगणतीच्या सहा रात्री

सुलतान बझार, काचीगुडा, इसामिया बझार, गौळीगुडा, शहाअलीबंडा. हैदराबादच्या या मोहल्ल्यांतल्या जुन्या मराठी घरांत पूर्वजांची चौकशी केली की उत्तरं साधारण एकाच वळणाची येतात. आजोबा परभणीकडून आले. पणजोबा निजामाच्या दफ्तरात होते. कुणी दुष्काळात आलं, कुणी वकिलीच्या परीक्षेसाठी, कुणी मामाच्या आधाराने. नेमकं साल विचारलं की घरातलं मोठं माणूस मूसी नदीच्या १९०८ च्या पुराशी येऊन थांबतं. पुराच्या आधी आले की नंतर आले, एवढंच खात्रीने सांगता येतं.

मग घरातलं तरुण माणूस म्हणतं, सरकारी शिरगणतीत नाव सापडेल की. तिकडे विलायतेत सापडतं. इंग्लंड-वेल्सची १९२१ ची खानेसुमारी शंभर वर्षं पुरी झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षांनी कागद उघडतात. त्याच साली एप्रिलमध्ये तिथली १९५० ची पानं घरबसल्या वाचता येऊ लागली. पणजीचं नाव, वय, भाडेकरू कोण, धंदा काय, सगळं गणनेच्या कारकुनाच्या हस्ताक्षरात. आपल्याकडे हे होत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने माणसामाणसाची नोंद कायमची बंद ठेवली आहे. ती कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्याआधीच्या काळातल्या मूळ याद्या आणि चिठ्ठ्या तर तक्ते तयार झाले की जपून ठेवण्याची पद्धतच नव्हती. उरले ते जाडजूड अहवाल: जिल्हे, तालुके, धर्म, जाती, भाषा, धंदे, वयं. लाखो माणसं, आणि नाव एकाचंही नाही.

तरीही पूर्वज शोधणाऱ्याने हे अहवाल बाजूला सारू नयेत असं मला ठामपणे वाटतं. ज्याच्या आयुष्यातल्या चार-सहा तारखा ठाऊक आहेत असा माणूस घ्यावा आणि त्या तारखा दर दहा वर्षांच्या तक्त्यांशेजारी ठेवाव्यात. घरात कुणी न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यातून दिसू लागतात, आणि घरात अभिमानाने सांगितलेल्या काही तपासूनही निघतात. ही रीत करून बघायला हैदराबादच्या मराठी समाजात वकील केशवराव कोरटकरांइतका योग्य माणूस नाही. जन्म १८६७, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या पुरजळचा. मृत्यू १९३२. निजामाच्या राज्यात पहिली रीतसर शिरगणती १८८१ साली झाली आणि केशवरावांच्या हयातीतली शेवटची १९३१ साली. म्हणजे सहा वेळा सरकारने त्यांना मोजलं. या सहाही गणना एका ठरावीक रात्री होत. १९४१ पासून ती एका रात्रीची पद्धत गेली. ती जुनी पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरटकरांच्या आयुष्यात बसते.

ती पद्धत आधी समजून घेतली पाहिजे. उर्दू कारभारात तिला मर्दुमशुमारी म्हणत. काही आठवडे आधी घरांना क्रमांक पडत. खेड्यात पाटील-पटवाऱ्यांवर हे काम येई, शहरात मास्तर आणि कारकून जुंपले जात. प्रत्येक घरातल्या माणसांची कच्ची यादी काळ्या शाईने भरली जाई. मग ठरलेल्या रात्री तोच गणक पुन्हा घरोघर फिरे. मधल्या काळात मेलेल्यांवर काट मारी, जन्मलेलं मूल आणि आलेला पाहुणा वाढवी, आणि ही दुरुस्ती लाल शाईने करी. रात्र निवडताना चांदणं असेल, लग्नतिथी नसतील, मोठी जत्रा नसेल हे पाहिलं जाई. रेल्वेतले प्रवासीसुद्धा सुटत नसत.

यानंतर खरं किचकट काम सुरू होई. १९०१ पासून भारतभर चिठ्ठ्यांची पद्धत आली. तिचं मूळ बव्हेरियातलं. प्रत्येक माणसाची माहिती यादीतून एका लहान चिठ्ठीवर उतरवायची, धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा, मग खणाखणाच्या कपाटात चिठ्ठ्या वाटायच्या आणि मोजायच्या. एकदा वयाप्रमाणे, एकदा जातीप्रमाणे, एकदा भाषेप्रमाणे. पुरजळचा किंवा शहाअलीबंड्याचा माणूस आपल्या घरच्यांपासून तुटला तो याच टप्प्यावर. यादीत तो आईशेजारी, बायकोशेजारी, धाकट्या भावाशेजारी होता. चिठ्ठी झाली आणि तो चाळिशीच्या खणात गेला, मूल शून्य ते पाचच्या खणात गेलं.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. घरातल्या बाईचं नाव सांगायला पुरुष तयार नसेल तर आग्रह धरू नये, नावाच्या जागी नुसतं ‘स्त्री’ लिहावं, अशी मुभा गणकाला होती. म्हणजे त्या याद्या उद्या कुठे जशाच्या तशा सापडल्या, तरी आपल्या कितीतरी पणज्या त्यांत बिननावाच्याच असतील. पणजोबांचा शोध घेणाऱ्या पुष्कळ घरांत पणजीचं माहेर आजही कुणाला सांगता येत नाही. तिचं नाव दोन्हीकडे गळलं, सरकारात आणि घरात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

वयाचंही तसंच. जन्मसाल ठाऊक असणारी घरं मोजकी. विचारलं की पंचवीस, तीस, पस्तीस अशी गोळाबेरीज येई. दर गणनेच्या तक्त्यात पाचाच्या आणि दहाच्या पटीतल्या वयांवर माणसांचे ढीग दिसतात. तेव्हा घरच्या कागदात पणजोबांचं वय चाळीस लिहिलेलं आढळलं, तर ते अडतीस ते त्रेचाळीस कुठलंही धरावं.

आता केशवराव.

१७ फेब्रुवारी १८८१. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. सालारजंग दिवाण होते, त्यांनी आखलेले जिल्हे आणि तालुके नुकते रुळले होते, आणि गणना शक्य झाली तीच या व्यवस्थेमुळे. राज्याची लोकसंख्या भरली ९८,४५,५९४. कारभाराची भाषा अजून फारसी होती, तीन वर्षांनी उर्दू झाली. मराठी घरातल्या हुशार मुलाला पोटासाठी काय शिकावं लागणार हे या बदलाने ठरवून टाकलं. घरी मराठी, कागदावर मोडी, कचेरीत उर्दू, आणि वर जायचं तर इंग्रजी. त्या पिढीतल्या मराठवाड्याच्या वकिलांची उर्दू ऐकून लखनौकर चकित होत असं आजही सांगतात. त्यामागे हौस कमी आणि गरज जास्त होती.

१८९१ च्या फेब्रुवारीत हा तरुण पंचविशीच्या उंबरठ्यावर होता. गुलबर्गा हे तेव्हा सुभ्याचं ठिकाण, १८७४ पासून वाडीमार्गे हैदराबादला रेल्वेने जोडलेल्या पट्ट्यातलं. कोर्टं, कचेऱ्या, गिरण्या. कोरटकरांची वकिली इथेच उभी राहिली. राज्याची लोकसंख्या एक कोटी पंधरा लाखांवर गेली होती. त्या दशकाविषयी फार सांगण्यासारखं नाही. सुगी बरी होती, माणसं वाढली.

पुढच्या दहा वर्षांत सगळं फिरलं. १९०१ चा हैदराबाद संस्थानाचा अहवाल मिर्झा मेहदी खान यांनी लिहिला. त्यातली मराठवाड्याची पानं शांतपणे वाचता येत नाहीत. १८९९–१९०० चा तो छप्पन्नचा दुष्काळ. बीड जिल्ह्यात १८९१ साली ६ लाख ४२ हजार माणसं होती, १९०१ साली ४ लाख ९२ हजार राहिली. केशवरावांचा परभणी जिल्हा ८ लाख ५ हजारांवरून ६ लाख ४५ हजारांवर आला. पाच माणसांतलं एक गेलं. काही उपासमारीने मेली, काही पटकीने, काही गाव सोडून परागंदा झाली. सारं राज्य चार लाखांनी घटलं. पण याच दहा वर्षांत हैदराबाद शहर, सिकंदराबाद आणि छावण्या धरून, ४ लाख १५ हजारांवरून ४ लाख ४८ हजारांवर गेलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘दुष्काळात आलो’ या घरगुती वाक्याला वजन येतं. दुष्काळाच्या ऐन तोंडावर मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादपर्यंत गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे टाकली जात होती, आणि ती १९०१ पर्यंत पुरी झाली. मातीकाम करायला दुष्काळी माणसं मिळाली आणि रूळ पडल्यावर त्याच रुळांवरून माणसं दक्षिणेला सरकली. पूर्वी परभणीचा माणूस हैदराबादला जाई तो बैलगाडीने, मुक्काम करत. आता एक रात्र पुरे झाली. ज्या घरांत ‘१९०० च्या सुमारास आलो’ असं सांगतात, त्यांनी आपलं गाव या रेल्वेपासून किती कोसांवर होतं ते एकदा पाहावं. पुष्कळांचा उलगडा तिथेच होईल.

केशवराव मात्र दुष्काळामुळे आले नव्हते. ते गुलबर्ग्याची वकिली आवरून हायकोर्टाच्या शहरात आले होते. १ मार्च १९०१ च्या रात्री त्यांची नोंद झाली असेल तर तिच्यात साक्षरतेच्या रकान्यात ‘होय’ होतं. हा रकाना क्षुल्लक नव्हे. तेव्हा संस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरातली सुमारे तीन, आणि बायकांत शंभरात एकसुद्धा नाही. आपले पणजोबा वकील होते, मास्तर होते, दफ्तरात होते असं सांगताना आपण त्या तीन जणांतल्या एकाची गोष्ट सांगत असतो. उरलेल्या सत्याण्णवांच्या नातवंडांकडे सांगायला कागदच नाहीत. आपल्या घराण्याच्या इतिहासात हे ध्यानात ठेवणं मला न्यायाचं वाटतं.

२८ सप्टेंबर १९०८ ला मूसी शहरात शिरली. सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानतात. अफजलगंजच्या बाजूला एका चिंचेवर चढून बसलेली शंभर-दीडशे माणसं वाचली, ते झाड अजून उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभं आहे. पुढे विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ निघालं, दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले, वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. पूर्वज शोधणाऱ्याला यातली कामाची गोष्ट अशी की पुराआधीचा घराचा पत्ता आणि पुरानंतरचा पत्ता जुळेलच असं नाही. मोहल्लाच उठलेला असू शकतो.

तरी १० मार्च १९११ च्या गणनेत शहर पाच लाखांवर गेलेलं दिसतं: ५,००,६२३. पूर सोसूनही लोंढा थांबला नव्हता. केशवराव आता चव्वेचाळिशीत होते. चार वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, त्यांनी आणि वामन नाईक यांनी विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली होती. सरकारी शिक्षण उर्दूत, पोरं घरी मराठी बोलणारी, आणि मधली दरी बुजवायला स्वतःची शाळा. अशा जुन्या शाळांची दाखलपुस्तकं आज हैदराबादी मराठी घरांना शिरगणतीपेक्षा जास्त उपयोगी आहेत. त्यांत मुलाचं पूर्ण नाव, बापाचा धंदा, मूळ गाव, आधीची शाळा, सगळं सापडू शकतं. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, काचीगुड्याचं देखणं स्थानक बांधून झालं. मराठवाड्याहून आलेली गाडी तिथे थांबे. मराठी वस्ती सुलतान बझार ते काचीगुडा या पट्ट्यात का दाटली याचं एक कारण तिथे उभं आहे. दुसरं कारण असं की रेसिडेन्सी बझार म्हणून हा भाग १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटाच्या ताब्यात होता आणि निजामी बंधनं तिथे थोडी सैल पडत. गणनेतही रेसिडेन्सी बझारांचे आकडे वेगळे दिलेले असत. तेव्हा आपलं घर नेमकं कुठल्या हद्दीत होतं हे आधी ठरवावं लागतं.

१९२१ पाशी मला थोडं थांबायचं आहे. १८ मार्चच्या त्या गणनेत शहर ४,०४,१८७ वर आलं. दहा वर्षांत जवळपास शहाण्णव हजार माणसं कमी. राज्यही १ कोटी ३३ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर उतरलं. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाने आणि वारंवार येणाऱ्या प्लेगने हे केलं. जुन्या मराठी कुटुंबांच्या वंशवेली पाहिल्या तर १९१० ते १९२० च्या दरम्यान फांद्या तुटलेल्या दिसतात. दुसरं लग्न झालेला आजोबा, आत्याने वाढवलेली भावंडं, एकाच घरात लागोपाठ दोन-तीन श्राद्धतिथी. घरात याला ‘नशीब’ म्हणतात. तक्त्यात त्याला साथ म्हणतात. श्राद्धतिथी १९१८ च्या आश्विन-कार्तिकातली निघाली तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

१९२१ च्याच नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. केशवराव आणि वामन नाईक ज्या सुधारकांच्या वर्तुळात वावरत, त्याच वर्तुळाची ही परिषद. उर्दूत, इंग्रजीत, मराठीत भाषणं झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव या वकिलांनी तेलुगूत बोलायला सुरुवात केली, आणि सभेत टाळ्या पिटून, गोंगाट करून त्यांना खाली बसवलं गेलं. दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी लगेच आंध्र जनसंघम् ही संस्था काढली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुला रामकृष्णराव त्यांत होते. पुढची आंध्र महासभा आणि तेलंगणातलं सारं राजकारण तिथून वाढलं.

आता गणनेचा भाषांचा तक्ता पाहा. संस्थानात शंभरातले जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत. मराठी बोलणारे सुमारे सव्वीस, कानडी चौदाच्या आसपास, उर्दू दहा. ज्या शहराभोवती तेलुगूचा समुद्र होता, तिथल्या सुधारकांच्या सभेत तेलुगूला व्यासपीठ मिळालं नाही, आणि ते नाकारणाऱ्यांत मराठी माणसं होती. आपल्या पूर्वजांनी शाळा काढल्या, ते विधवांसाठी झटले, जुलमी राजवटीत त्यांनी भाषा जपली, हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती सभाही त्यांचीच आहे. सव्वीस टक्के असूनही राजधानीत आपल्याला आपला आवाज मोठा वाटत होता, कारण त्या तीन टक्के साक्षरांत आपला वाटा मोठा होता. त्या काळच्या मराठी घराचा इतिहास लिहिणाऱ्याने हा भाग गाळला तर उरलेल्यावर विश्वास कुणी का ठेवावा?

याला एक पुढचा धागाही आहे. टाळ्यांनी दुखावलेले बुर्गुला रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे. १९५२ मध्ये ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्री होते.

२६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्रीची गणना ही केशवरावांची शेवटची. वय चौसष्टच्या घरात, हायकोर्टाचं न्यायमूर्तिपद भूषवून झालेलं, हैदराबाद आर्य समाजाचं अध्यक्षपद सांभाळलेलं. त्या गणनेत हिंदूंमध्ये आर्य समाजींची वेगळी नोंद होई, त्यामुळे त्यांची चिठ्ठी कुठल्या खणात पडली असेल याचा अंदाज निदान बांधता येतो. राज्य १,४४,३६,१४८ वर पोचलं होतं. याच साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठी ग्रंथसंग्रहालय निघून नऊ वर्षं झाली होती, लक्ष्मणराव फाटकांचं ‘निजाम विजय’ अकरा वर्षं चाललं होतं. सगळ्या जातींची मोजदाद करून तक्ते छापणारी इंग्रजी अमदानीतली ही अखेरची गणना. आपल्या जातीचे किती लोक तेव्हा आपल्या जिल्ह्यात होते हे पाहायचं असेल तर इथवरच पाहता येतं. पुढच्या साली केशवराव गेले. हैदराबादेत त्यांच्या नावाने ‘केशव स्मारक’ शाळा उभी राहिली.

ज्यांचे पूर्वज कोरटकरांसारखे नामांकित नाहीत त्यांनी काय करावं? गणनेचा अहवाल वाचून काळ आणि जागा ठरवावी, आणि मग नावासाठी दुसऱ्या कागदांकडे वळावं. वतन किंवा इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे त्या हक्काचा सरकारी कागद, निघण्याची शक्यता असते. जमीन असेल तर सेतवार, म्हणजे शेतवार जमाबंदीची नोंद, आणि १९५४–५५ ची खासरा पाहणी. सरकारी नोकरी असेल तर मुलकी दाखला, कारण बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे आणि त्यासाठी कधी आलो ते लिहावं लागे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कुळाची नावं, गावासकट, पिढ्यांच्या क्रमाने असतात, आणि तिथे बायकांचीही नावं पुष्कळदा आढळतात. संस्थानाच्या सरकारी कागदांसाठी तारनाक्याचं पुराभिलेखागार आहे. कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवावेत, साधारण इसवी सन येतो. मोडी आणि शिकस्ता, म्हणजे घसट्या हाताची, उर्दू वाचणारा जाणता माणूस बरोबर हवा. अशी माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.

केशवरावांचाच माग काढायचा म्हटलं तर आणखी एक अडचण येते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य भाषांप्रमाणे वाटलं गेलं. पुरजळ मुंबई राज्यात गेलं, तिथून महाराष्ट्रात. गुलबर्गा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. हैदराबाद आंध्र प्रदेशात, आणि २०१४ पासून तेलंगणात. जन्माचं गाव, वकिलीचं शहर आणि मृत्यूपर्यंतचं शहर आता तीन राज्यांत आहेत. गावचं आणि जमिनीचं दप्तर ज्या त्या राज्यात गेलं, निजामाच्या मध्यवर्ती कारभाराचे कागद हैदराबादेत राहिले. परभणी-हिंगोलीच्या तहसिलीत मराठीत अर्ज करायचा, कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, कानडीत, हैदराबादेत तेलुगूत किंवा इंग्रजीत, आणि तिन्हीकडून हातात पडणारा जुना कागद बहुधा उर्दूतच निघतो.